पुठ्ठा, बुचे आणि बाराखडी

चर्चगेटहून निघालेली धीमी लोकल सांताक्रूझला पोचेपर्यंत चौदा स्टेशने होतात. ती फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहा: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ. यांपैकी सात नावांत ‘र’ दुसऱ्या अक्षराला जोडून आला आहे, आणि तोही एकाच रूपात नाही. चर्चगेट आणि चर्नी रोडमध्ये तो रफार होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतो. ग्रँट, प्रभादेवी, वांद्रे, सांताक्रूझ या नावांत तो तिरकी रेघ होऊन अक्षराला खालून चिकटतो. सेंट्रलमध्ये ‘ट’च्या खाली त्याची वेगळीच खूण दिसते.

दुसरी-तिसरीच्या मुलांना ‘र’ची जोडाक्षरे फार छळतात. पण सांताक्रूझच्या मुलांनी ही नावे वाचायला येण्याआधीपासून ऐकलेली असतात. चौदा नावे चौदा कार्डांवर लिहावीत, चार-चार मुलांच्या गटाला एकेक संच द्यावा आणि एवढेच सांगावे: ‘ज्या नावांत र लपला आहे ती बाजूला काढा, आणि तो जसा लपलाय तसे ढीग करा.’ मुले भांडतील, पुन्हा वाचतील, ‘परळ’मधला र लपलेला की उघडा यावर वाद घालतील. तीन ढीग झाले की चौथे रूप शोधायला पाठवावे. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ अशा शब्दांतला तो चंद्रकोरीचा र स्टेशनच्या नावांत नाही, पण पुस्तकाच्या पानापानावर आहे.

या खेळाला खर्च आला तो थोड्या पुठ्ठ्याचा आणि एका जाड पेनाचा. तरी त्यात जोडाक्षरांचा सगळा पाठ आला, आणि तो मुलांनी स्वतः मांडला. वर्गात घरच्या घरी बनवलेले भाषेचे खेळ का हवेत, याचे माझे उत्तर यातच आहे. भाषेशिवाय जिंकताच येणार नाही तो भाषेचा खेळ. आणि तो शिक्षकाने स्वतः बनवला तरच त्यात आपल्या वर्गातल्या मुलांचे शब्द येतात.

ही वाट जुनी आहे

मराठी शिक्षणात ही कल्पना नवी नाही. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. माँटेसोरी पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, पण तिची सुबक लाकडी साधने महाग होती. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि तिथे या पद्धतीने वेगळे रूप घेतले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हेच साधन झाले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडच्या साहित्यातून घेण्यासारखी गोष्ट स्वस्तपणाच्या पलीकडची आहे. तिथल्या वारली आदिवासी मुलाला चिंचोका आणि शिंपला ओळखीचा होता, म्हणून शाळाही त्याला परकी वाटली नाही. सांताक्रूझच्या मुलाच्या ओळखीच्या वस्तू वेगळ्या आहेत: बसवरचा देवनागरी आकडा, किराणा दुकानाचा खोका, पाण्याच्या बाटलीचे बूच, लग्नपत्रिका, डोक्यावरून खाली उतरणारे विमान. कोसबाडची रीत इथे चालवायची म्हणजे शिंपले आणायचे नाहीत, बुचे गोळा करायची.

आता धोरणही याच बाजूला झुकले आहे. २०२१च्या जुलैत सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे ध्येय ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ हे साल ठरवले. २०२३मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ, कोडी, कार्डे असलेला ‘जादुई पिटारा’ आला. पेटी आली हे चांगलेच झाले. पण सांताक्रूझच्या वर्गातल्या मुलांची नावे, त्यांच्या गल्ल्या, त्यांच्या आयांच्या तोंडचे शब्द कुठल्याच तयार पेटीत येऊ शकत नाहीत. ते शिक्षकालाच घालावे लागतात.

आधी कान

वाचनाची सुरुवात डोळ्यांनी होते असे आपण समजतो. खरे तर ती कानांनी होते. ‘कमळ’ हा शब्द तुकड्यांचा बनलेला आहे हे ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्यासमोर क, म, ळ ही चित्रे ठेवून फारसा उपयोग नाही. म्हणून पहिले खेळ बिनसाहित्याचे.

सर्वांत सोपा खेळ टाळ्यांचा. प्रत्येकाने आपले नाव बोलायचे आणि प्रत्येक ठेक्याला एक टाळी द्यायची. ‘अंधेरी’ला तीन टाळ्या: अं-धे-री. ‘दादर’ला दोन: दा-दर. ‘खार’ला एकच. आता हेच शब्द फळ्यावर लिहून अक्षरे मोजा. अंधेरीची तीन, बरोबर जमले. दादरची मात्र तीन आणि खारची दोन. टाळ्या आणि अक्षरे जुळत नाहीत, कारण मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण बहुधा उच्चारत नाही. लिहितो ‘दादर’, बोलतो ‘दादर्’. नव्याने लिहू लागलेली काही मुले शेवटचे अक्षर गाळतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते. टाळ्या कानाने मोजायच्या आणि मग अक्षरे डोळ्याने, असा दुहेरी खेळ घेतला की ही तफावत मुलांच्याच लक्षात येते. टाळ्या कमी आणि अक्षरे जास्त असलेले शब्द कोण जास्त शोधतो, अशी स्पर्धा लावली तर पूर्ण तास पुरणार नाही.

दुसरा खेळ शब्दांच्या भेंड्यांचा. एकाच्या शब्दाचे शेवटचे अक्षर पुढच्याने उचलायचे: पाऊस, सफरचंद, दप्तर, रवा. थोड्याच वेळात कुणाच्या तरी वाट्याला ‘ळ’ किंवा ‘ण’ येतो आणि गाडी अडते. मराठीत या दोन अक्षरांनी शब्द सुरू होत नाहीत. ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘ण’ला ‘न’ घ्यायचा हा जुना नियम लगेच सांगू नये. मुलांना अडू द्यावे, शोधू द्यावे आणि नियम त्यांनाच ठरवू द्यावा. भाषेचा एक कायदा त्यांनी स्वतः शोधलेला असतो.

तिसरा खेळ मुलांनी मोठ्यांपासून लपवून जपलेला आहे: ‘च’ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. ‘कमळ’ झाले ‘चमळक’. वात्रटपणा म्हणून वर्गात हिच्यावर बंदी असते. पण पहिला ध्वनी वेगळा काढणे, तो लक्षात धरणे, दुसरा जोडणे आणि हे सगळे बोलण्याच्या वेगात करणे ही वाचनाच्या तयारीची पक्की कसरत आहे. शिक्षकाने शब्द आधी स्वतः तपासून निवडावेत आणि ही भाषा बेधडक वर्गात आणावी.

रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांनी ध्वनी मोजण्यासाठी कागदावर चौकोन आखून त्यांत सोंगट्या सरकवण्याची रीत वापरली. मूल शब्द सावकाश उच्चारते आणि प्रत्येक ध्वनीला एक सोंगटी पुढे ढकलते. मराठीसाठी चौकोन अक्षरांचे ठेवावेत आणि सोंगट्यांच्या जागी चिंचोके घ्यावेत. सरावलेल्या मुलाला पुढे ‘का’मध्ये ‘क्’ आणि ‘आ’ असे दोन आवाज आहेत, हेही दोन रंगांच्या बुचांनी दाखवता येते.

अक्षरांचा डोंगर लहान करणे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरे ओळखायची असतात. आपल्या मुलासमोर तीसहून अधिक व्यंजने, प्रत्येकाची बारा रूपांची बाराखडी आणि वर जोडाक्षरे असतात. म्हणजे ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की अशा लिपीत अक्षरे पक्की होण्याचे काम पहिलीत संपत नाही, ते पुढची काही वर्षे चालते. कन्नड आणि देवनागरीची घडण एकाच तत्त्वावर आहे. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला ‘कौ’ अडला तर ते मूल मागे पडले, असा निष्कर्ष काढू नये. त्याला अजून खेळायला द्यावे.

डोंगर लहान करण्याची एक वाट म्हणजे अक्षरगट. सगळी मुळाक्षरे संपवून मग काने-मात्रे, हा क्रम सोडायचा. चार-पाच अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे घेऊन पहिल्याच आठवड्यात खरे शब्द वाचायचे. फलटणला राहून वाचनशिक्षणाचे मोठे काम केलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी आणि इतरही प्रयोगशील शिक्षकांनी या वाटेचा आग्रह धरला. क, म, ल, न ही अक्षरे आणि काना एवढे हाताशी असले तरी कमल, नमन, काम, कान, नाक, मान, लाल, कमान, मला, नाका असे शब्द निघतात. या चार अक्षरांची प्रत्येकी चार बुचे आणि कान्याचे पाच-सहा तुकडे एका डबीत घातले की संच तयार. गटाने पाच मिनिटांत जास्तीत जास्त शब्द लावायचे, पण अट अशी की प्रत्येक शब्द वाचून दाखवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ नसेल तर शब्द मोजायचा नाही.

मात्रांसाठी जुनी पारदर्शक फाइल कापून पट्ट्या कराव्यात. एका पट्टीवर फक्त काना, दुसरीवर वेलांटी, तिसरीवर उकार. ‘क’च्या कार्डावर पट्टी ठेवली की ‘की’, काढली की पुन्हा ‘क’. पट्टी तीच, खालचे कार्ड बदलले की ‘मी’, ‘ली’, ‘नी’. स्वरचिन्ह ही वेगळी वस्तू आहे आणि ती कुठल्याही व्यंजनावर बसते, हे बाराखडी घोकून जे महिनोन्‌महिने कळत नाही ते इथे हाताला कळते. पहिल्या वेलांटीची पट्टी मुद्दाम वेगळ्या रंगाची करावी. ‘कि’ लिहिताना ती अक्षराच्या आधी येते, बोलताना मात्र तिचा आवाज नंतर येतो. त्यामुळे मुले गोंधळतात.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी पालथ्या पत्त्यांचा खेळ घ्यावा: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ड-इ. प्रत्येक अक्षराची दोन कार्डे करून सगळी पालथी मांडायची. उलटलेली दोन्ही कार्डे एकच असली तर ती घ्यायची, पण घेण्याआधी त्या अक्षराचा एक शब्द बोलायचा. ‘घर’ आणि ‘धर’ यांत चुकणारे मूल इथे न ओरडता, न रागावता सुधारते, कारण चूक समोरचा गडीच पकडतो.

तो, ती, ते

सांताक्रूझच्या पूर्वेकडे वाकोला, गोळीबार, कलिना भागातल्या मराठी वर्गात घरची भाषा एक नसते. कोकणातून आलेल्या घरात मालवणी, मराठवाड्यातल्या घरात तिकडचा हेल, शेजारच्या बाकावर भोजपुरी, उर्दू किंवा तेलुगू. कलिन्याच्या जुन्या कोलेकल्याण गावात ईस्ट इंडियन कुटुंबांची स्वतःची मराठी बोली आहे. महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, यावरूनच शहराची भाषिक घडण कळते.

अशा वर्गात मराठीची तीन लिंगे अडचणीची ठरतात. हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या भाषेत दोनच आहेत, त्यामुळे नपुंसकलिंग त्याला कुठून माहीत असणार? यासाठी तीन खोकी ठेवावीत: तो, ती, ते. मुलांनी वर्गातली वस्तू उचलायची, वाक्य बोलायचे आणि योग्य खोक्यात टाकायची. तो खडू, ती पेन्सिल, ते पुस्तक. तो डबा, ती पिशवी, ते दप्तर. पुढच्या पायरीला विशेषण जोडायचे: मोठा डबा, मोठी पिशवी, मोठे दप्तर. व्याकरणाचे नावही न घेता कान तयार होतो.

आणि घरच्या भाषेचे काय? तिला वर्गाबाहेर ठेवू नये. एका भिंतीवर मोठा कागद लावून रोज एक वस्तू घ्यावी आणि ती प्रत्येकाच्या घरी काय म्हणतात ते देवनागरीत लिहावे. स्वतःच्या आजीचा शब्द भिंतीवर आला की गप्प बसणारे मूल बोलू लागते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर रोज मुलालाच त्याला हवा असलेला शब्द विचारत आणि तो कार्डावर लिहून त्याच्या हाती देत. भीतीचे आणि मायेचे शब्द मुले एका नजरेत शिकतात, हा त्यांचा अनुभव १९६३च्या त्यांच्या ‘टीचर’ या पुस्तकात आहे. आपल्या वर्गातही प्रत्येक मुलाची अशी एक शब्दडबी असावी.

कोडे, गोष्ट, पत्र

अक्षर आले, शब्द आला, पण मुलाला स्वतःचे काही सांगायचे नसेल तर लेखन कोरडे राहते. कोडी इथे मोठी मदत करतात. वस्तूचे नाव न घेता तिचे दोन गुण सांगायचे, एवढाच नियम. ‘अंगभर डबे, पण जेवायला वाढत नाही’ असे लोकल गाडीवरचे कोडे शिक्षकाने घालून द्यावे, पुढची मुले घालतील. कोडे करणारे मूल वस्तूकडे नीट पाहते आणि नेमका शब्द निवडते. वर्णनात्मक निबंधाची तयारी हीच.

गोष्टीसाठी इटालियन लेखक जान्नी रोदारी यांची युक्ती घ्यावी. एका डब्यातून एक चिठ्ठी, दुसऱ्यातून दुसरी. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द आले की त्यांच्यातूनच गोष्ट सुरू होते. ‘छत्री’ आणि ‘विमान’ असे दोन शब्द सांताक्रूझच्या मुलाला दिले तर विमानतळाच्या भिंतीपलीकडे काय काय घडेल हे त्याला सुचवावे लागत नाही. चिठ्ठ्या मुलांनीच लिहाव्यात. गोष्ट आधी तोंडी रचावी, मग गटातल्या एकाने लिहावी.

पावसाळ्यात तर सांताक्रूझइतके भाग्यवान ठिकाण दुसरे नाही. मुंबईच्या पावसाची बातमी सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन वेधशाळांच्या आकड्यांवाचून पुरी होत नाही. जूनपासून वर्गात पावसाची नोंदवही ठेवावी. रोज एका मुलाने वर्तमानपत्रातला आकडा वाचून लिहायचा, आणि कालच्या पावसाला शोभणारा शब्दही: भुरभुर, रिमझिम, सर, संततधार, मुसळधार. हवामान खाते दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार आणि ११५.६पासून अतिमुसळधार म्हणते. ‘भुरभुर’ किती मिलिमीटरची हे मुलांनी आपसात ठरवावे. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या दिवशी घरातले मोठे कुठे होते, कसे पोचले, हे विचारून पाच वाक्ये लिहून आणणे हा मुलांसाठी अभ्यास राहत नाही. वस्तीचा इतिहास ती आपल्या हातांनी लिहितात.

शेवटी टपालपेटी. बुटांच्या खोक्याला फट पाडली की झाली. मुलांनी एकमेकांना आणि शिक्षकाला चिठ्ठ्या लिहायच्या, आणि शिक्षकाने प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचे. उत्तरात मुलाने चुकवलेला शब्द बरोबर लिहून वापरावा. लाल खूण करू नये. ज्याला खरेच कुणाला काही कळवायचे असते, तो शुद्धलेखनाकडे आपोआप वळतो.

बनवताना, खेळवताना

कार्ड तळहाताएवढे असावे, अक्षर काळ्या जाड पेनाने, शिरोरेघ स्पष्ट. मुंबईच्या दमट हवेत कागद महिन्याभरात मऊ पडतो, म्हणून लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्यावा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी मारावी. प्रत्येक संच वेगळ्या डबीत ठेवून झाकणावर कार्डांची संख्या लिहावी, म्हणजे मुलेच मोजून परत ठेवतात. शक्य तेवढी कार्डे मुलांकडून लिहून घ्यावीत. कार्ड लिहिणे हाही अभ्यासच आहे.

गट चार-पाच जणांचा, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, नियम एका वाक्यात सांगता येईल असा. हरणाऱ्याला ‘बाद’ करणारे खेळ टाळावेत. बाद होते ते नेमके सरावाची सर्वांत जास्त गरज असलेले मूल, आणि उरलेला वेळ ते बसून काढते. गुण गटाला द्यावेत, मग हुशार मूल शेजाऱ्याला शिकवू लागते. खेळ चालू असताना शिक्षकाने एका वेळी एकाच गटाजवळ बसावे आणि कोण कुठे अडते ते टिपून ठेवावे. परीक्षेत जे लपते ते इथे उघड दिसते.

प्रत्येक खेळाला एक कसोटी लावावी: पंधरा मिनिटांत प्रत्येक मूल किती वेळा वाचते, किती वेळा बोलते? अर्धा तास रंग भरून एकच अक्षर वाचायला लावणारा तक्ता भिंतीवर सुंदर दिसतो, पण तो भाषेचा खेळ नव्हे. खराब अक्षरातली चाळीस कार्डे, जी प्रत्येक मुलाने दहादा वाचली, ती त्याहून मोलाची.

आणि वर्ष संपल्यावर संच जपून ठेवावा, पण जूनमध्ये तो तसाच काढू नये. भेंड्या, बुचे आणि पट्ट्या चालतील. नावांची कार्डे, शब्दडब्या, कोडी आणि भिंतीवरचे शब्द मात्र नव्याने लिहावेत, कारण नवीन मुले नवीन घरांतून येतील आणि वाचनाची वाट त्यांना त्यांच्याच शब्दांवरून सापडेल.